काझींनी आधी कॉफी पाजली, मग निर्णय दिला

(युवक-युवतींच्या अभ्यासशिबिरात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



सकाळपासून तुम्ही संविधान, शिक्षण, व्यक्तिगत कायदा असे जड विषय ऐकलेत. मला जेवणानंतरची वेळ मिळाली आहे, म्हणजे झोपेची. म्हणून विषयही झोप उडवणारा घेतलाय. मी आज कॉफीबद्दल बोलणार आहे. संध्याकाळी आपण ती करूनही पिणार आहोत. पण आधी तिची गोष्ट ऐका, कारण ही गोष्ट आपली आहे आणि आपल्यालाच ती माहीत नसते.

आज कॉफी म्हटलं की डोळ्यांसमोर मॉलमधलं काचेचं दुकान येतं. वाटतं, ही पाश्चात्त्यांची चीज. प्रत्यक्षात कॉफी पिण्याचा सगळ्यात जुना भरवशाचा इतिहास येमेनमधला आहे आणि तो सूफींचा आहे. पंधराव्या शतकात तिथले सूफी रात्री जिक्रला बसायचे. रात्रभर जागं राहायचं, मन एकाग्र ठेवायचं, त्यासाठी ते हे पेय प्यायचे. मोठ्या भांड्यातून एकेकाला वाढलं जायचं आणि जप चालू राहायचा. पुढे येमेनच्या मोखा बंदरातून कॉफी जगभर गेली. दुकानात ‘मोका’ लिहिलेलं दिसेल, तेव्हा या बंदराची आठवण ठेवा.

आता नावाची गंमत. या पेयाला अरबीत ‘कहवा’ म्हणतात. पण हा शब्द कॉफीच्या आधीपासून आहे, आणि जुन्या अरबी कवितेत तो वाइनसाठी वापरला जायचा. म्हणजे ज्या पेयाने सूफी इबादतीसाठी जागे राहायचे, त्याला नाव मिळालं ते मद्याचं. भांडणाचं बीज तिथेच पडलं होतं.

भांडण पेटलं मक्केत, १५११ साली. तेव्हा मक्का कैरोच्या मामलुक सुलतानांच्या अमलाखाली होती. तिथे खैर बेग नावाचा मुहतसिब होता. बाजार आणि लोकांचं वर्तन यांवर देखरेख ठेवणारा हा अधिकारी. एका रात्री मशिदीच्या परिसरात काही माणसं कंदील लावून बसलेली त्याला दिसली. तो जवळ गेला तसे कंदील विझले. चौकशी केली तेव्हा कळलं, मंडळी कहवा पीत होती. दुसऱ्या दिवशी त्याने उलेमांची सभा बोलावली. उलेमांनी अशा बैठकी वाईट आहेत हे मान्य केलं, पण पेयाबद्दल वैद्यांना विचारा म्हणाले. दोन वैद्य आले आणि त्यांनी ते शरीराला घातक ठरवलं. एकाने साक्ष दिली की कॉफीने वाइनसारखीच नशा चढते. त्यावर लोक हसले. वाइन प्यायल्याशिवाय ही तुलना करता येत नाही, आणि बिचाऱ्याची पंचाईत झाली! हा सगळा वृत्तान्त अब्द अल-कादिर अल-जझीरी या लेखकाने सोळाव्या शतकात, कॉफी हलाल आहे हे सांगण्यासाठी लिहिलेल्या ग्रंथात दिला आहे.

बंदी आली. मक्केत कॉफी जाळली गेली, विकणाऱ्यांना मारहाण झाली. निर्णय कैरोला गेला. तिथून उत्तर आलं ते असं की बैठकींतले गैरप्रकार थांबवा. पेयावर सरसकट बंदी मात्र त्यात नव्हती. मक्केत पुन्हा कॉफी उकळू लागली.

इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्या. खैर बेगला खरा त्रास कशाचा झाला होता? काळ्या कडू पाण्याचा? मला तरी वाटत नाही. माणसं रात्री एकत्र बसतात, प्याला फिरवतात, गप्पा मारतात, आणि त्या गप्पा आपल्या ताब्यात नाहीत, हा त्रास होता. हे फक्त मुसलमान राज्यकर्त्यांनाच वाटलं असंही नाही. इस्तंबूलमध्ये सुलतान चौथ्या मुरादने १६३३ मध्ये कॉफीघरं बंद पाडली. आणि इंग्लंडमध्ये राजा दुसऱ्या चार्ल्सने १६७५ च्या डिसेंबरअखेरीस कॉफीघरांवर बंदीचा जाहीरनामा काढला. तिथे लोक सरकारविरुद्ध बोलतात, ही त्याची तक्रार होती. एवढा ओरडा झाला की थोड्याच दिवसांत त्याला तो मागे घ्यावा लागला. धर्म वेगळे, भाषा वेगळी, भीती मात्र एकच.

आता थोडं माझं. मी तालुक्याच्या गावी वाढले. कॉलेजात असताना आम्ही तिघी मैत्रिणी एकदा एसटी स्टँडसमोरच्या हॉटेलात बसलो आणि चहा प्यायलो. तीन कप चहा, एक प्लेट खारी. पंचवीस मिनिटं. मी घरी पोचायच्या आधी बातमी घरी पोचली होती. मोहल्ल्यातले एक बुजुर्ग अब्बांना सांगून गेले होते, “शरीफ घरांतल्या पोरी हॉटेलात बसत नसतात.” अब्बा माझ्यावर ओरडले नाहीत. एवढंच म्हणाले, “बेटा, घरी चहा मिळत नाही का?” आणि मी परत कधी गेले नाही. कॉलेजची उरलेली दोन वर्षं गेले नाही.

तेव्हा वाटलं, धर्मात मनाई असेल. पुढे वाचायला लागले तेव्हा कळलं, चहाला कुठेच मनाई नाही. मनाई तिघींनी एकत्र बसायला होती. आमच्या मोहल्ल्यातही एक खैर बेग होता, आणि आम्ही कंदील विझवून घरी गेलो होतो. आज वाईट वाटतं ते त्या बुजुर्गांच्या बोलण्याचं नाही. मी एकदाही उलटून विचारलं नाही, “चाचा, हे कुठे लिहिलंय?” याचं वाटतं.

म्हणून आता त्या माणसाची गोष्ट सांगते, ज्याच्यासाठी मी हे भाषण करतेय. मक्केतल्या प्रकरणानंतर साधारण वीस-पंचवीस वर्षांनी, १५३४ च्या सुमारास, कैरोत एका प्रवचनकाराने कॉफीविरुद्ध लोकांना भडकवलं. जमाव उठला, कॉफीघरांची मोडतोड झाली. शहरात दोन तट पडले. प्रकरण काझी मुहम्मद इब्न इलियास यांच्याकडे गेलं. त्यांनी काय केलं? विद्वानांची मतं घेतली. आणि मग आपल्याच घरी कॉफी करायला सांगितली, लोकांना बोलावलं, ती पाजली आणि दिवसाचा बराच वेळ त्यांच्याशी बोलत बसले. कुणी बरळतंय का, कुणाचा तोल जातोय का, कुणाची बुद्धी झाकली जातेय का, हे स्वतः पाहिलं. काहीच घडलं नाही. मग त्यांनी निर्णय दिला, कॉफी चालेल.

पाचशे वर्षांपूर्वीचा काझी आणि त्याने प्रयोग केला! प्रवचनकाराचा आवाज किती मोठा होता, यावर त्याने निकाल दिला नाही. जमाव केवढा होता, हेही पाहिलं नाही. आपण आपल्या परंपरेत ‘इज्तिहाद’ हा शब्द ऐकतो, विचार करून निर्णयापर्यंत पोचण्याची धडपड. मला त्या शब्दाचं चित्र म्हणून हे काझी दिसतात, कॉफीचे पेले मांडून बसलेले.

कुणी म्हणेल, मग याच न्यायाने दारूही चालेल का? उलट आहे. ‘खम्र’ या शब्दाच्या मुळाशी ‘झाकणं’ हा अर्थ आहे, बुद्धीवर पडदा टाकणारी ती खम्र. काझींची कसोटी तीच होती. त्या कसोटीवर कॉफी उतरली, दारू उतरत नाही. विज्ञानही हेच सांगतं. आपण जागे असतो तेव्हा मेंदूत अॅडेनोसिन नावाचं द्रव्य साठत जातं आणि झोप येते. कॉफी-चहातलं कॅफिन त्या अॅडेनोसिनची जागा अडवतं, म्हणून आपण जागे राहतो. अल्कोहोल मेंदूचं काम मंदावतं, तोल आणि सारासार विचार घेऊन जातं. पण एक प्रामाणिकपणा आपल्यालाही हवा. आपल्या वस्त्यांत दारू नाही का? आहे. ती हराम आहे हे सांगून आपण गप्प बसतो, आणि जिचा नवरा रोज पिऊन येतो त्या बाईला मोहल्ल्यात बोलायला जागा नसते. कॉलेजच्या पोरींच्या चहाची बातमी पंचवीस मिनिटांत पोचते. तिची बातमी वीस वर्षं पोचत नाही. डोळे उघडे ठेवून पाहायचं तर हेही पाहावं लागेल.

आता आपल्या मुलखाकडे येऊ. भारतात कॉफी कुणी आणली? परंपरा सांगते की सतराव्या शतकात बाबा बुडन नावाच्या सूफींनी हजहून परतताना येमेनमधून सात बिया आणल्या आणि आज कर्नाटकात असलेल्या चिकमगळूरजवळच्या डोंगरात लावल्या. त्या डोंगररांगेला आजही बाबाबुडनगिरी म्हणतात, आणि देशातली बहुतेक कॉफी आजही कर्नाटकातच पिकते. त्या डोंगरावरच्या गुहेत मुसलमान बाबांना मानतात आणि हिंदू दत्तात्रेयांना. आपल्याला हे नवं वाटायला नको. एकनाथांचे गुरू जनार्दनस्वामी यांना दत्ताने मलंगाच्या वेषात दर्शन दिलं, ही कथा मराठी घरांत सांगितली जाते. त्या डोंगरावर गेली काही दशकं हक्कावरून वाद पेटलाय. ज्या जागेने आपल्याला एकत्र बसून प्यायचं पेय दिलं, तिथेच एकत्र बसणं अवघड व्हावं, याचं दुःख दोन्ही बाजूंना व्हायला हवं.

शेवटी संध्याकाळचं. तीन प्रकार असतील. एक, वेलची घातलेला, हलक्या भाजणीचा अरबी कहवा. दोन, चिकोरी मिसळलेली दक्षिणेची फिल्टर कॉफी, दुधासकट. तीन, येमेनी किश्र. तो कॉफीच्या फळाच्या वाळलेल्या सालींचा, आलं घालून केलेला काढा. पिताना घाई करू नका. आधी वास घ्या. पहिला घोट साखरेशिवाय घ्या. कडूपणाच्या मागे थोडा आंबटपणा लागतो का, बघा. अरॅबिका बियांमध्ये तो जास्त जाणवतो. रोबस्टा जास्त कडू आणि तिच्यात कॅफिन जवळजवळ दुप्पट, तेव्हा ज्यांना रात्री झोप हवीय त्यांनी जपून. आवडली नाही तर तसं सांगा. सगळ्यांना एकच चव आवडली पाहिजे, असं इथे काही नाही.

आणि घरी गेल्यावर एक काम करा. मोहल्ल्यात महिन्यातून एकदा चहा-कॉफीची बैठक भरवा. मुली असतील, त्यांच्या अम्मी असतील, शेजारच्या आळीतली हिंदू मुलंमुली असतील, अशी भरवा. मुलांनो, पाणी तुम्ही उकळायचं आणि कपबश्याही तुम्हीच विसळायच्या. फोनवर “हे हराम, ते हराम” असा एखादा संदेश आला, तर तो पुढे ढकलण्याआधी बैठकीत आणा, वाचा, कुठे लिहिलंय ते विचारा. कुणी येऊन म्हणालं, “इथे पोरी कशाला बसल्यात?”, तर भांडू नका. खुर्ची पुढे करा, कप भरून द्या आणि म्हणा, “चाचा, बसा, बघा आम्ही काय करतो ते.”

काझी इब्न इलियासांनी तेच केलं होतं. आणि तुमच्यातली एखादी बिचकली तर मला कळवा. मी येईन बसायला. माझ्या दोन वर्षांचा चहा बाकी आहे.