गर्भारपणातील तंबाखू : धुराआडची मशेरी

गर्भवतीने ओढलेल्या सिगारेटचा परिणाम तिच्या अपत्यावर आयुष्यभर राहतो काय, हा प्रश्न १९५७ मध्ये विनिआ सिम्पसन यांनी कॅलिफोर्नियातील सॅन बर्नार्डिनो येथील बाळंतपणांच्या नोंदींवरून धूम्रपान करणाऱ्या मातांची बाळे अधिक प्रमाणात अपुऱ्या दिवसांची जन्मतात असे दाखवून दिले, तेव्हापासून चर्चेत आहे. आणि आता नाशिकसारख्या शहरातही प्रौढ मुले-मुली आपल्या दम्याचे किंवा रक्तदाबाचे मूळ आईवडिलांच्या व्यसनात शोधू लागली आहेत. ही काळजी निराधार नाही. मात्र महाराष्ट्रात ती धुराकडे पाहत राहते आणि मशेरीकडे, म्हणजे दातांवर घासायच्या भाजलेल्या तंबाखूच्या पुडीकडे, तिचे लक्ष जात नाही, हे या व्याख्यानाचे मुख्य प्रतिपादन आहे.

तंबाखूचे सर्वसाधारण दुष्परिणाम श्रोत्यांना ज्ञात असल्याने त्यांची उजळणी येथे केलेली नाही. गर्भापुरते सांगायचे तर धूम्रपानातून मुख्यतः दोन घातक द्रव्ये वारेतून, म्हणजे मातेच्या रक्तातील प्राणवायू व पोषण गर्भाला पोचवणाऱ्या अवयवातून, पलीकडे जातात : कार्बन मोनॉक्साइड रक्तातील प्राणवायूची जागा अडवतो आणि निकोटीन रक्तवाहिन्या आकुंचित करते, शिवाय गर्भाच्या मेंदूच्या व फुप्फुसांच्या घडणीत ढवळाढवळ करते. यांपैकी निकोटीनला धुराची गरजच नसते.

प्रौढांच्या तंबाखूसेवनाच्या २०१६-१७ मधील देशव्यापी सर्वेक्षणात महाराष्ट्रातील धूम्रपान करणाऱ्यांचे प्रमाण ३.८ टक्के, तर धूरविरहित तंबाखू वापरणाऱ्यांचे २४.४ टक्के आढळले. स्त्रियांच्या बाबतीत तंबाखू म्हणजे पुष्कळदा मशेरीच. तंबाखूची पाने चुलीवरच्या तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची, चुरून त्यांची पूड करायची, ती डबीत भरून ठेवायची आणि सकाळी उठल्यावर चिमूटभर तळहातावर घेऊन बोटाने दातांवर व हिरड्यांवर घासत बसायचे, असा हा क्रम असतो. दात दुखतो म्हणून किंवा पोट साफ होते म्हणून सुरू झालेली ही सवय दुपारी आणि रात्रीही लागते. हिरडीची त्वचा नाजूक असल्याने निकोटीन थेट रक्तात उतरते, आणि तरीही ती स्त्री स्वतःला व्यसनी समजत नाही. दवाखान्यात तिला ‘सिगारेट-विडी ओढता का’ असे विचारले, तर ती ‘नाही’ म्हणते, आणि ते खरेच असते.

डॉ. प्रकाश गुप्ता व श्रीविद्या सुब्रमणी यांनी मुंबईतील १,२१७ गर्भवतींचा मागोवा घेऊन २००४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार धूरविरहित तंबाखू, मुख्यतः मशेरी, वापरणाऱ्या स्त्रियांच्या बाळांचे वजन सरासरी १०५ ग्रॅमने कमी भरले आणि प्रसूती सरासरी सहा दिवस आधी झाली. १०५ ग्रॅम ऐकताना क्षुल्लक वाटतात, परंतु डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या पुणे परिसरातील खेड्यांच्या अभ्यासात नवजात बाळाचे सरासरी वजन सुमारे २.७ किलो होते, इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या बाळाचे ३.५ किलो, आणि अडीच किलोच्या खालचे बाळ कमी वजनाचे ठरते, म्हणजे आपल्याकडे गमावण्यासारखे फारसे हाताशी नसतेच.

या ठिकाणी सभागृहात हमखास येणारा आक्षेप असा की आजीने जन्मभर मशेरी लावली आणि तिची सगळी मुले धडधाकट निघाली. आजीवरील या प्रेमाचा आदर राखूनच उत्तर दिले पाहिजे : घरातल्या आठवणीत केवळ जगलेली मुलेच मोजली जातात. याच मुंबईतील अभ्यासाच्या २००६ च्या निष्कर्षात मृत बाळ जन्मण्याचे प्रमाण तंबाखू वापरणाऱ्यांत ८.९ टक्के, तर न वापरणाऱ्यांत ३.१ टक्के होते.

धूम्रपान करणाऱ्या मातांच्या मोठ्या झालेल्या मुलांच्या काळजीचे उत्तर मात्र सरसकट देता येत नाही. कमी वजन आणि बालपणीची फुप्फुसांची दुर्बलता यांचा मातेच्या धूम्रपानाशी संबंध भक्कम आहे. उलट चंचलपणा किंवा बुद्धिमत्ता यांच्याशी जोडलेला संबंध, आईने एका गर्भारपणी धूम्रपान केले व दुसऱ्या गर्भारपणी केले नाही अशा भावंडांची तुलना करणाऱ्या स्वीडनमधील अभ्यासांत, बराचसा विरून जातो. म्हणजे तेथे कारण तंबाखूपेक्षा घराण्यात आणि परिस्थितीत असावे. आपल्या प्रत्येक उणिवेसाठी आईला दोषी धरणाऱ्या संततीने हे ध्यानात घ्यावे.

मशेरीच्या जोडीने नाशिकजवळच्या सिन्नरमधील विडीचाही उल्लेख येथे अटळ ठरतो, कारण तेथील विडी वळणारी स्त्री तंबाखू ओढत नाही आणि खातही नाही, तरी ती तंबाखूतच बसलेली असते. मांडीवर सूप, त्यात जर्दा, शेजारी ओली करून कात्रीने कापलेली तेंदूची पाने. तुटपुंज्या मजुरीसाठी दिवसभर वळण्याचे काम आणि शेजारी पाळणा. विडी वळणाऱ्या कामगारांच्या लघवीत निकोटीनपासून बनणारे कोटिनीन सापडते, म्हणजे निकोटीन कातडीतून व धुळीतून शरीरात जाते. अशा स्त्रीला व्यसन सोडण्याचा सल्ला देणे निरर्थक आहे; तिला गर्भारपणात मजुरीसह दुसरे काम हवे.

वडिलांनी घरात ओढलेल्या विडीचा धूर हा स्वतंत्र व्याख्यानाचा विषय असून वेळेअभावी त्याचा निर्देशच शक्य आहे. आशा सेविका, परिचारिका आणि डॉक्टर यांना मात्र एवढी आग्रहाची विनंती आहे की गर्भवतीच्या पहिल्याच नोंदणीत, सासूसमोर नव्हे तर एकांतात, ‘मशेरी लावता का, विड्या वळता का’ हे दोन प्रश्न विचारावेत आणि होकार आल्यास रागावू नये. तंबाखू सोडण्यासाठी मदत देणारी राष्ट्रीय दूरध्वनी सेवा १८००-११-२३५६ या क्रमांकावर विनामूल्य उपलब्ध आहे.