हौशी वादकाचे वाद्य : गिटार आणि मँडोलिन

(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात झालेले व्याख्यान)



कार्यकारी मंडळाने आम्हांस वाद्यांच्या छंदाविषयी दोन शब्द बोलण्याची आज्ञा केली, हा आम्ही आमचा बहुमान समजतो. आम्ही गवई नव्हे आणि संगीतशास्त्राचे अभ्यासकही नव्हे. जन्मभर हिशेबाच्या वह्यांत मान घालून बसलेले आणि सायंकाळी घरी आल्यावर तासभर तारा छेडणारे आम्ही सामान्य हौशी आहोत. तरीही हा विषय आम्ही आनंदाने पत्करला, याला कारण आहे. सणावारी, मंगलकार्यानिमित्त आपणा सर्वांच्या घरी आमचे जाणेयेणे असते. अलीकडे कित्येक घरांत मुलामुलींसाठी गिटार घेतलेली दिसते. आणि वर्षभराने पुन्हा जावे तो तीच गिटार कपाटावर, धुळीचे आवरण पांघरून पडलेली आढळते. आईवडील म्हणतात, 'मुलाला गोडी नाही.' मुलगा म्हणतो, 'मला जमत नाही.' या दोन वाक्यांवर आमचा विश्वास का नाही, हे आज सांगावयाचे आहे.

व्यासपीठावर ही दोन वाद्ये ठेविली आहेत. डावीकडची चकचकीत गिटार आम्ही सुमारे चाळीस वर्षांपूर्वी, पहिल्या काही पगारांतून पैसा पैसा साठवून विकत घेतली. दुकानाचे नाव घेण्याचे प्रयोजन नाही. वाद्य दिसावयास देखणे होते, आणि आम्ही तेवढेच पाहिले. घरी आणून शिकावयास बसलो तो तार पडद्यावर दाबता दाबेना. बोटांना फोड आले, ते फुटून रक्त आले. दुकानदारास विचारले, तर 'सवय होईल' असे उत्तर मिळाले. तार कशीबशी दाबली तरी सूर बेसूर निघे. आमच्या मातोश्रींना गाण्याचे वेड. पहाटे दळणकांडण नसले तरी ओव्या त्यांच्या ओठांवर असत. त्या शेजारी येऊन बसत आणि म्हणत, 'वाजव की रे काहीतरी.' आम्ही सहा महिने झटलो आणि एक दिवस गिटार माळ्यावर टाकली. आपल्याला गळा नाही तसा हातही नाही, अशी मनाची समजूत घातली. ती समजूत अकरा वर्षे टिकली.

अकरा वर्षांनी आमच्या चाळीत एक वयोवृद्ध गोमंतकीय वादक राहावयास आले. गोव्यात चर्चच्या शाळांतून मुलांना स्वरलेखन वाचणे आणि व्हायोलिन वाजविणे शिकविण्याची जुनी परंपरा होती. त्या शिक्षणातून तयार झालेल्या अनेक वादकांनी पुढे मुंबईच्या चित्रपटसंगीताचे वाद्यवृंद उभे केले, हे आपणांस ठाऊक आहेच. हे गृहस्थ त्याच परंपरेतले. त्यांनी आमची गिटार हाती घेतली आणि वाजविण्याऐवजी एक डोळा मिटून दांडीच्या टोकाकडून खाली पाहिले. मग हाताची पट्टी तारेखाली धरून म्हणाले, 'दोष तुमच्या हातात नाही. दांडी धनुष्यासारखी वाकली आहे. ही कोणालाच वाजविता येणार नाही.' हे ऐकून आम्हांस आनंद व्हावयास हवा होता. परंतु त्याच्या आदल्याच वर्षी मातोश्री निवर्तल्या होत्या. ज्यांना ऐकवावयाचे होते त्या ऐकावयास उरल्या नव्हत्या. असो. आपल्या घरांत असे होऊ नये, एवढ्यासाठी ही कथा सांगितली.

आता मुख्य विषयाकडे वळू. गिटार घ्यावी की मँडोलिन, हा पहिला प्रश्न. गिटारीला सहा तारा असतात. खर्जापासून वर मोजीत गेल्यास शेजारच्या दोन तारांत सर्वसाधारणपणे षड्ज-मध्यमाचे अंतर असते. केवळ एके ठिकाणी ते षड्ज-गांधाराचे होते. ही रचना अनेक स्वर एकदम छेडून गाण्याला साथ करण्यास सोयीची पडते. म्हणून ज्याला स्वतः गावयाचे आहे, त्याने गिटार घ्यावी. मँडोलिनला आठ तारा. परंतु त्या दोन-दोनच्या जोडीने एकाच स्वरात लावितात, म्हणजे स्थाने चारच. प्रत्येक जोडी खालच्या जोडीचा पंचम असते. व्हायोलिनचीही लावणी हीच. त्यामुळे एकाची बोटे दुसऱ्यावर चालतात. ज्याला गाण्याची चाल वाजवावयाची आहे, त्याला मँडोलिन अधिक जवळचे वाटते. त्याचा स्वर छेडताच विरतो, म्हणून नखी वरखाली जलद फिरवून तो लांबवितात. त्या थरथरत्या स्वराची गोडी काही निराळीच आहे. लहान हातांना आखूड दांडी सोयीची, हा आणखी एक लाभ. मात्र जोडतारा बोटांना अधिक टोचतात, आणि आठ तारा जुळविण्यास कान व धीर दोन्ही लागतात, हेही सांगितले पाहिजे.

ही वाद्ये आपली नव्हेत, असा आक्षेप वडीलधारी मंडळी घेतात. मँडोलिन इटलीतील नेपल्सकडचे आणि आजच्या गिटारीचा घाट स्पेनमधील आन्तोनियो दे तोरेस या एकोणिसाव्या शतकातील कारागिराने घालून दिला, हे खरे. परंतु हार्मोनियम तरी कोठून आली? आपल्या लोकांनी ही वाद्ये नुसती घेतली नाहीत, त्यांना आपली भाषा शिकविली. ब्रिजभूषण काब्रा यांनी आडव्या ठेविलेल्या गिटारीवर कांब सरकवून मींड काढली आणि रागविस्तार केला. १९६७ सालच्या 'कॉल ऑफ द व्हॅली' या ध्वनिमुद्रिकेत शिवकुमार शर्मा आणि हरिप्रसाद चौरसिया यांच्याबरोबर त्यांची गिटार आहे. विश्वमोहन भट्ट यांनी गिटारीला जादा तारा जोडून मोहनवीणा सिद्ध केली आणि १९९४ साली त्यांना ग्रॅमी पारितोषिक मिळाले. दक्षिणेत यू. श्रीनिवास यांनी विजेच्या मँडोलिनवर कर्नाटक संगीत वाजवून विद्वानांच्या माना डोलविल्या. लक्ष्मीकांत-प्यारेलाल या जोडीतील आपले लक्ष्मीकांत कुडाळकर हे मूळचे मँडोलिनवादक, आणि संगीतकार सज्जाद हुसेन यांचे मँडोलिन तर जाणकारांच्या आदराचा विषय.

इतकेच काय, गिटारीच्या देहात आपल्या अरण्यांचाही अंश आहे. ब्राझीलची शिसवी दुर्मिळ झाली तेव्हा मार्टिन या अमेरिकेतील जुन्या पेढीने १९६९ साली भारतीय शिसवीचा अवलंब केला. आज जगातील कित्येक उत्तम गिटारींची पाठ आपल्या शिसवीची असते.

आता परीक्षा कशी करावी ते पाहू. आमच्या गोमंतकीय गुरूंनी शिकविलेल्या चार परीक्षा आपणांपुढे ठेवितो. त्यांस संगीताचे ज्ञान लागत नाही. डोळे आणि कान असले म्हणजे पुरे.

पहिली परीक्षा दांडीची. वाद्य डोळ्यांसमोर आडवे धरून दांडीच्या लांबीवरून नजर टाकावी. दांडी जवळजवळ सरळ दिसली पाहिजे. अगदी किंचित खोलपणा चालेल. पीळ पडलेली दांडी दिसली तर वाद्य खाली ठेवावे, मग किंमत कितीही उतरो.

दुसरी परीक्षा तारेच्या उंचीची. बाराव्या पडद्यावर तार आणि पडदा यांतील अंतर पाहावे. पोलादी तारांच्या गिटारीत ते दोन ते अडीच मिलिमीटर, नायलॉन तारांच्या गिटारीत तीन ते चार आणि मँडोलिनमध्ये दीड ते दोनच्या आसपास असावे. आमच्या या गिटारीत ते सहा मिलिमीटर आहे; कार्यक्रम संपल्यावर ज्यांना मोजावयाचे असेल त्यांनी अवश्य मोजावे. उंची थोडी अधिक असेल तर जाणता कारागीर घोडी आणि मेरू घासून ती उतरवू शकतो.

तिसरी परीक्षा स्वराची. बारावा पडदा तारेच्या मध्याशी येतो. तेथे तारेवर बोटाचा नुसता हलका स्पर्श ठेवून तार छेडावी. घंटेसारखा स्वर निघतो. मग त्याच पडद्यावर तार दाबून छेडावी. दोन्ही स्वर एकच आले पाहिजेत. वेगळे आले तर त्या वाद्यावर वरच्या सप्तकात कधीही सुरेल वाजणार नाही, आणि शिकणारा बिचारा आपल्या कानाला दोष देत राहील.

चौथी परीक्षा लाकडाची. वाद्याची वरची पातळ तबली स्वराची जननी होय. ती स्प्रूस अथवा सीडर या लाकडाच्या अखंड फळीची असेल तर स्वर वर्षानुवर्षे खुलत जातो. थर चिकटविलेल्या फळीची असेल तर वाद्य स्वस्त पडते आणि दमट हवेला टिकते, पण स्वर तितका खुलत नाही. मध्यभागीच्या छिद्राच्या कडेकडे निरखून पाहावे. लाकडाच्या रेषा वरून आत अखंड उतरलेल्या दिसल्या तर फळी एकसंध समजावी. नवशिक्याने थरांच्या फळीचे वाद्य घेण्यास हरकत नाही, पण पहिल्या तीन परीक्षांत सवलत देऊ नये.

जवळ जेवढे पैसे असतील त्यांतील एक चतुर्थांश बाजूस ठेवून उरलेल्यांत वाद्य घ्यावे. बाजूस ठेविलेले पैसे कारागिराच्या हातची दुरुस्ती, चांगल्या तारा आणि पेटी यांस लागतात. दोनदा वापरलेले पण निगा राखलेले वाद्य नव्या भपकेबाज वाद्यापेक्षा पुष्कळदा सरस असते. नायलॉन तारांच्या गिटारीवर पोलादी तारा कदापि चढवू नयेत. पोलादी तारांचा एकंदर ताण सुमारे सत्तर किलोचा असतो; नाजूक बांधणीची घोडी त्याने उखडून निघते. आपल्या कोकण-मुंबईकडच्या पावसाळ्यात वाद्य भिंतीला टेकवून ठेवू नये. पेटीत सिलिका जेलच्या पुड्या घालून ठेवावे, आणि वाजवून झाल्यावर तारा कोरड्या फडक्याने पुसाव्यात.

शिकणाऱ्याच्या मनात येणाऱ्या एका शंकेचेही निरसन करतो. शास्त्रीय गाण्याने कान तयार झालेल्यास गिटारीचा गांधार किंचित चढा वाटतो. तो भ्रम नव्हे. या वाद्यांचे पडदे सप्तकाचे बारा समान भाग करून बसविलेले असतात, जसे हार्मोनियमचे सूर. तंबोऱ्यातून उमटणारा गांधार त्याहून थोडा उतरता असतो. हे ठाऊक असले म्हणजे मन कुरकुरत नाही.

'यातून मिळणार काय?' असे पालक विचारतात. परीक्षेतले गुण मिळणार नाहीत, नोकरीही मिळणार नाही. आम्हांस काय मिळाले ते सांगतो. गुरूंनी आपले हे मँडोलिन आम्हांस शिकावयास दिले. पहिले वर्ष आम्ही रोज वीस मिनिटे एकच पलटा वाजविला. दुसऱ्या वर्षी मातोश्रींच्या ओव्यांची चाल आठवून आठवून तारांवर बसविली. ती चाल कोणी लिहून ठेविली नव्हती, आमच्या बहिणींनाही ती पुरती आठवत नव्हती. पुढल्या भाऊबीजेला ती वाजविली तेव्हा थोरल्या ताईने डोळ्यांना पदर लावला आणि राहिलेली ओळ स्वतः म्हणून दाखविली. आता ती चाल आमच्या नातीला येते. घरातली एक वस्तू हरवता हरवता राहिली. हाच आमचा लाभ. गुरू गेले तेव्हा त्यांच्या कन्येने हे मँडोलिन परत घेण्यास नकार दिला. 'बाबांनी ते वाजण्यासाठी दिले होते,' एवढेच त्या माउलीने सांगितले.

शेवटी मंडळापुढे एक नम्र सूचना मांडतो. आपण विद्यार्थ्यांसाठी पुस्तकपेढी चालवितो, तशी एक वाद्यपेढी सुरू करावी. ज्यांच्या घरी वाद्ये नुसती पडून आहेत, त्यांनी ती खाली काढून मंडळाकडे आणावीत. जाणत्या कारागिराकडून त्यांची तपासणी करवून घ्यावी. आपल्या मिरजेत तंतुवाद्यांच्या कारागिरीची पिढीजात परंपरा आहे; तेथील सतार व तंबोऱ्यास २०२४ साली भौगोलिक मानांकनही मिळाले. गिटार-मँडोलिन हे त्यांचे मुख्य काम नसले तरी लाकूड आणि तार ओळखणारी माणसे शोधल्यास सापडतात. दुरुस्त झालेली वाद्ये ज्ञातीतील मुलामुलींना वर्षभरासाठी द्यावीत. ज्याला गोडी लागेल तो पुढे स्वतःचे घेईल. ज्याला लागणार नाही त्याने ते दुसऱ्यास परत करावे. म्हणजे 'मला जमत नाही' असे म्हणणाऱ्या मुलाचा दोष की वाद्याचा दोष, याचा निवाडा तरी न्यायाने होईल.

या पेढीस पहिले वाद्य म्हणून हे मँडोलिन आम्ही आज अध्यक्षमहाराजांच्या स्वाधीन करीत आहोत. आमची बोटे आता संधिवाताने आखडली आहेत, आणि त्या कन्येचा शब्द आम्हांस पाळावयाचा आहे. ही गिटार मात्र परत घरी नेऊ. ती कोणाच्याही मुलाच्या हाती पडू नये, एवढी काळजी आम्हांस घेतलीच पाहिजे.