गव्हावाचून स्वयंपाक
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मी काही सभेत बोलणारी बाई नव्हे. पण गेली सात वर्षे माझ्या घरात गव्हाची पोळी झालेली नाही, हे चिटणीसबाईंना ठाऊक आहे, आणि त्यांच्या आग्रहामुळेच मी आज उभी आहे.

माझी धाकटी मुलगी नऊ वर्षांची होती. पोट फुगलेले, हातपाय काड्यांसारखे. लोहाची औषधे देऊनही अंगात रक्त भरत नव्हते. अंगी लागावे म्हणून मी तिला रोज तूप घालून रव्याचा शिरा भरवीत असे. अखेर रक्ताची तपासणी झाली, दुर्बिणीने लहान आतड्याचा बारीकसा तुकडा काढून पाहिला, आणि ‘सीलिअ‍ॅक’ हे नाव कळले. गव्हात आणि जवात ग्लूटेन नावाचे प्रथिन असते. या विकारात त्यामुळे आतड्याचे अस्तर झिजते आणि खाल्लेले अंगी लागत नाही. म्हणजे मी मायेने भरवीत होते तेच तिला बाधत होते! यावर गोळी नाही. जन्मभराचे पथ्य हेच औषध.

पहिले दोन महिने मी मोठ्या दुकानांतून तयार पिठे आणि बिस्किटे आणली. महिन्याचा हिशेब पार कोलमडला. तेव्हा सासूबाई म्हणाल्या, “अगं, आमच्या लहानपणी गहू सणावारालाच दिसायचा. मग आम्ही काय उपाशी राहिलो?” माझे डोळे उघडले. ज्वारी, बाजरी, नाचणी, तांदूळ, वरी, राजगिरा ही सारी धान्ये तिला चालतात. २०२३ हे वर्ष साऱ्या जगाने भरडधान्यांचे म्हणून पाळले. आपल्या घरात ती पिढ्यान्‌पिढ्या आहेतच. भाकरी म्हणजे गरिबाचे अन्न, ही समजूत तेवढी मला टाकावी लागली.

या पिठांना गव्हाचा चिवटपणा नसतो, म्हणून ज्वारीचे पीठ उकळत्या पाण्यात भिजवावे; भाकरी चिरत नाही. न्याहारीला घावन, आंबोळी, नाचणीचे सत्त्व. शिरा वरीच्या तांदळाचा, लाडू बेसनाचे, मोदक तर तांदळाच्या उकडीचेच. एकादशीला साबुदाणा, वरी आणि शिंगाडा यांवर सारे घर एका पंक्तीला बसते.

धान्य सोपे, लपलेला गहू अवघड. बाजारच्या पुष्कळशा हिंगात मैदा किंवा कणीक मिसळलेली असते, म्हणून डबीवरचे बारीक अक्षर वाचावे. मेतकुटात आणि भाजणीत गहू घालण्याची रीत आहे. ती घरी गव्हावाचून करावी. गिरणीत आधी गहू दळला असेल, तर आपल्या ज्वारीत तो उतरतोच. म्हणून आम्ही तीन घरांनी मिळून एक घरगुती चक्की घेतली आणि तीत गहू घालायचा नाही असे ठरवले. ज्या घरी इतरांसाठी पोळ्या होतात, तिथे तवा, पोळपाट आणि परात वेगळी ठेवावी.

आता मनातले सांगते. एका घरी सत्यनारायणाचा प्रसाद होता. वडीलधाऱ्या बाई म्हणाल्या, “प्रसादाने काही होत नाही.” मुलीने माझ्याकडे पाहिले. मला संकोच वाटला आणि मी म्हणाले, “घे थोडासा.” दोन दिवस पोर पोट धरून पडली होती. तिला बाधा झाली ती माझ्या भिडेमुळे, हे मी विसरलेली नाही. प्रसाद हाताला लावून कपाळी लावला तरी देवाला पोचतो.

म्हणून दोन विनंत्या. कोणाचे पथ्य ऐकले की “थोड्याने काय होते?” असे म्हणू नका, तिचे पान आधी, स्वच्छ डावाने वाढा. आणि कोणाला असा त्रास असेल, तर मनानेच गहू सोडू नका. आधी तपासणी करून घ्या. गहू सोडल्यावर तपासणीत दोष सापडेलच असे नाही.

माझी मुलगी आता सोळा वर्षांची आहे आणि उंचीने माझ्यापुढे गेली आहे. आजच्या फराळात मंडळाने ज्वारीची धिरडी वेगळ्या तव्यावर केली आहेत. ती पाहून मला जे वाटले, ते बोलता येत नाही.