पायथॉनचा प्रोग्रॅम दुसऱ्याच्या हाती देताना

भोकरदन तालुक्यातल्या केदारखेड्यासारख्या गावात पायथॉन शिकलेल्या तरुणाला करण्याजोगं काम भरपूर आहे. कृषी सेवा केंद्राची उधारी, दूध संकलनाचा हिशेब, बियाण्यांचा साठा, हे सगळं त्याला संगणकावर आणता येतं. असा प्रोग्रॅम एका फाईलचा राहत नाही. पडद्यावरच्या खिडक्या एका फाईलीत, हिशेब दुसरीत, डेटाबेसचं काम तिसरीत. शिवाय पावतीचा नमुना आणि चित्रं वेगळीच. लिहिणाऱ्याच्या संगणकावर हे सारं सुरळीत चालतं. दुकानदाराकडे मात्र ना पायथॉन असतं, ना लागणारी पॅकेजेस. ती त्याने बसवावीत ही अपेक्षाच चुकीची. म्हणून पायइन्स्टॉलरसारखं मोफत साधन वापरून पायथॉनसकट सगळं एकत्र बांधावं लागतं. माझं आग्रहाचं सांगणं असं, की बांधताना एकच एक्झी फाईल करण्याचा मोह टाळा आणि पूर्ण फोल्डर तयार करा.

कारण एकच दिसणारी फाईल प्रत्यक्षात एकच नसते. दर वेळी सुरू होताना ती आतला सगळा ऐवज तात्पुरत्या फोल्डरमध्ये उलगडते आणि बंद होताना तो पुसते. जुन्या हार्ड डिस्कच्या संगणकावर यात वेळ जातो, पण खरा धोका पुढे आहे. उधारीचा डेटाबेस प्रोग्रॅमच्या शेजारी आहे असं समजून कोडने त्याच तात्पुरत्या जागी नोंदी लिहिल्या, तर संध्याकाळी प्रोग्रॅम बंद होताच दिवसभराच्या नोंदी जातात. फोल्डर पद्धतीत हे उलगडणं-पुसणं नाही आणि एखादी फाईल आत आली की नाही, ते उघडून पाहता येतं. तरीही डेटाबेस तिथे ठेवू नका. नवी आवृत्ती देताना जुना फोल्डर पुसला जातो, म्हणून नोंदींची जागा विंडोजमधल्या वापरणाऱ्याच्या स्वतःच्या फोल्डरमध्येच हवी.

यावर कोणी म्हणेल, दुकानदाराला फोल्डर दिला तर त्यातली एखादी फाईल चुकून उडवली जाईल. शंका रास्त आहे, पण तिचं उत्तर इनो सेटअपमध्ये आहे. हे मोफत साधन त्याच फोल्डरचा एकच इन्स्टॉलर करून देतं आणि डेस्कटॉपवर चिन्हही ठेवतं. दुसरा आक्षेप असा, की हे सगळं इंटरनेटवरच का चालवू नये? ऐन पेरणीत गिऱ्हाईक समोर उभं असताना रेंज गेली तर हिशेब अडून राहतो. एका दुकानाच्या कामाला संगणकातला एसक्यूलाईट डेटाबेस पुरतो; फक्त त्याची प्रत रोज पेन ड्राइव्हवर घ्यायला हवी. एक गैरसमजही दूर करतो. बांधल्यामुळे कोड कुलूपबंद होत नाही, जाणकार माणूस तो बाहेर काढू शकतो. तेव्हा पासवर्ड कोडमध्ये लिहू नका.

विंडोजसाठीचा प्रोग्रॅम विंडोजवरच बांधावा लागतो. लिनक्सवर बसून पायइन्स्टॉलर तो करून देत नाही. दुकानात अजून विंडोज 7 असेल तर पायथॉन 3.8 च्या पुढची आवृत्ती तिथे चालणार नाही, आणि संगणक 32 बिटचा असेल तर बांधणीही 32 बिट पायथॉनवर करावी लागेल. बांधण्याआधी कोऱ्या व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंटमध्ये गरजेपुरतीच पॅकेजेस घ्या, म्हणजे आकार आवाक्यात राहतो. अँटिव्हायरस कधीकधी अशा निर्दोष प्रोग्रॅमलाही अडवतो. एक-फाईल पद्धतीत ही तक्रार जास्त ऐकू येते. अशा वेळी अँटिव्हायरस बंद करायला सांगू नका, फाईल तपासणीसाठी अँटिव्हायरस बनवणाऱ्या कंपनीकडे पाठवा.

मराठी नावांची काळजी वेगळी घ्यावी लागते. फाईल उघडताना यूटीएफ-8 स्पष्ट लिहिलं नाही, तर विंडोजवर देवनागरी अक्षरं बिघडू शकतात किंवा प्रोग्रॅमच थांबतो. म्हणून माझी विनंती आहे, की ज्या संगणकावर पायथॉन कधीच बसवलेलं नाही अशा संगणकावर इन्स्टॉलर चालवून पाहा, मराठी नावाचं खातं उघडा, पावती छापा, प्रोग्रॅम बंद करून पुन्हा सुरू करा आणि नोंद जागेवर आहे हे पाहूनच तो दुकानदाराच्या हाती द्या.