ध्यान आणि मालीश : नवसाधकांसाठी
(शिबिरात दिलेले व्याख्यान)



ध्यानाला प्रथमच बसणाऱ्याची तक्रार बहुधा मनाची नसते, गुडघ्यांची असते. दिवसभर पाटी वाहिलेली, नाहीतर अभ्यासिकेत मान मोडून वाचणारी माणसे आपल्याकडे येतात. आपण सांगतो, श्वासाकडे लक्ष द्या. लक्ष जाते ते दुखऱ्या खांद्याकडे. मग खांद्यापासूनच सुरुवात का करू नये?

धम्मचारी लोकमित्र १९७७ साली भारतात आले ते पुण्यात बी. के. एस. अय्यंगार यांच्याकडे योग शिकण्याच्या उद्देशाने. पुढे १९७९ मध्ये त्रैलोक्य बौद्ध महासंघाचे काम सुरू झाले. म्हणजे इथल्या या धम्मकार्याला निमित्त झाले ते शरीरसाधनेचेच!

परंतु मालीश म्हटले की आपली वडीलधारी मंडळी अंग चोरतात. कारण उघड आहे. पेशवाईत आपल्या सावलीचाही विटाळ मानीत, पुण्यात कमरेला झाडू बांधावा लागे, हे बाबासाहेबांनी १९३६ साली 'जातिनिर्मूलन' ग्रंथात नमूद केले आहे. एकीकडे स्पर्श नाकारलेला, दुसरीकडे दुसऱ्याचे पाय चेपणे म्हणजे चाकरी. असा इतिहास असलेल्या माणसाला कुणी मायेने हात लावला तर तो अवघडणारच.

संयुत्त निकायातील जरासुत्त याबाबतीत पाहण्यासारखे आहे. श्रावस्तीच्या पूर्वारामात सायंकाळी भगवान पाठीला ऊन घेत बसले आहेत आणि आनंद त्यांचे अंग हाताने चोळतो आहे. चोळता चोळता त्याला सुरकुत्या जाणवतात, वाकलेली पाठ दिसते, आणि तो तसे बोलूनही दाखवतो. भगवान ते नाकारीत नाहीत. तारुण्यातच जरा दडलेली असते, असे सांगतात. हाताखालच्या शरीरातून आनंदाला अनित्यता दिसली. आणि हेच भगवान अतिसाराने पडलेल्या भिक्खूला आनंदासह स्वतः न्हाऊ घालतात, असे महावग्गात आहे. तिथे मालक कोण नि चाकर कोण?

आता प्रत्यक्ष कृती. पुरुषांनी पुरुषांची, स्त्रियांनी स्त्रियांची जोडी करावी; आधी विचारावे, नको म्हटले तर आग्रह नको. दोघांनी पाच मिनिटे आनापानसती करावी. मग एकाने दुसऱ्याचे खांदे, मान व तळहात कपड्यांवरूनच हळू दाबावेत. दाबणाऱ्याने स्वतःचा श्वास सोडू नये आणि समोरच्याविषयी मैत्री भावना ठेवावी. बसलेल्याने हात कुठे आहे, वेदना सुखद, दुःखद की दोन्ही नाही, एवढेच पाहावे. नंतर दहा मिनिटे स्तब्ध बसावे. ही शेवटची बैठक गाळली तर ती नुसती मालीश!

मणक्याच्या हाडावर दाब देऊ नये. ताप, ताजी दुखापत, त्वचेचा संसर्ग असल्यास मालीश टाळावी. एकच पोटरी सुजून दुखत असेल, गरम लागत असेल, तर ती मुळीच चोळू नये, डॉक्टरकडे न्यावे. आत रक्ताची गुठळी असू शकते. मालीशने मधुमेह वा रक्तदाब बरा होतो, असे कुणी सांगितले तरी औषधे बंद करू नका.

आता दोघादोघांनी समोरासमोर बसून घेऊ. जयभीम.