आपल्या वाट्याची खते





पदवी हाती आली की घरीदारी एकच प्रश्न सुरू होतो, "आता पुढे काय?" त्याचे खात्रीचे उत्तर आज या सभागृहात कोणाजवळच नाही. म्हणून मी तुमच्याच वयाच्या एका तरुणाविषयी बोलणार आहे.

1608 हे जन्मवर्ष धरले, तर 1630 च्या भीषण दुष्काळात देहूचे तुकोबा जेमतेम बाविशीचे होते. आईवडील आधीच गेलेले. त्यात व्यापार बुडाला, दिवाळे निघाले, पहिली पत्नी अन्नावाचून गेली. हे सारे त्यांनी स्वतःच्या अभंगांत स्वच्छ सांगितले आहे. पुढे काय होईल याचा काहीही भरवसा नसताना त्यांनी कोणते काम हाती घेतले? गावातले विठ्ठलाचे देऊळ मोडकळीला आले होते, ते दुरुस्त करायचे त्यांनी मनावर घेतले. जे समोर पडले होते, ते उभे करायला घेतले.

त्यांच्या कर्जखतांची कथाही तुम्ही ऐकली असेल. लोकांकडून येणे असलेल्या रकमांची खते तुकोबांनी इंद्रायणीत बुडवली. पण परंपरा त्यातला एक तपशील आवर्जून सांगते. त्यांनी आधी खतांची वाटणी केली. धाकटे बंधू कान्होबा यांचा अर्धा वाटा त्यांच्या हवाली केला आणि फक्त स्वतःचा वाटा नदीला दिला. मला हा तपशील फार मोलाचा वाटतो. देवावर भार टाकायचा तो आपल्या वाट्याचा. दुसऱ्याच्या ताटातली भाकर पणाला लावून कोणी श्रद्धावान होत नाही. उद्या तुम्ही नोकरी सोडाल, नवा उद्योग काढाल, तेव्हा आईवडिलांच्या म्हातारपणाची पुंजी ही कान्होबांची खते आहेत, एवढे ध्यानात ठेवा.

असा भार टाकतानाही मनात शंका येतात, त्यांचे काय करायचे? वारीत आळंदीच्या पालखीच्या मुक्कामावर संध्याकाळी समाजआरती होते. चोपदार दंड उंच करतात आणि हजारोंचा गजर क्षणात थांबतो. ज्या दिंडीची काही तक्रार असेल, ती मात्र टाळ वाजवतच राहते. चोपदार तिथे जातात, म्हणणे ऐकून घेतात आणि त्यानंतर आरती होते. श्रद्धेच्या त्या मेळ्यात तक्रारीला हक्काची जागा आहे. तुमच्या मनात शंका उठली, तर श्रद्धा ढळली असे समजू नका. टाळ वाजवा. मित्राशी, शिक्षकांशी, आईशी बोला. रात्री एकट्याने आपल्या देवाशी भांडा, तुकोबाही विठ्ठलाशी भांडले आहेत. पण दिंडी सोडून जाऊ नका.

विश्वास ठेवला म्हणजे मनासारखे घडेलच, असे वचन मी तुम्हाला देणार नाही. दुष्काळात गेलेली माणसे तुकोबांना परत मिळाली नाहीत. मिळाले ते पुढचे पाऊल टाकण्याचे बळ, आणि त्या बळावर उभे राहिलेले अभंग आज साडेतीनशेहून अधिक वर्षे महाराष्ट्राला आधार देत आहेत.

तेव्हा माझे मागणे एवढेच. आपल्या गावात, आपल्या कामात जे मोडकळीला आले आहे, त्यातले एक काम आजच निवडा आणि उद्या सकाळी त्याला हात घाला. फळाची चिंता पांडुरंगावर सोपवा, कष्टाची मात्र स्वतःकडे ठेवा.