विजेच्या गाडीने घाट चढताना

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)



कल्याण-डोंबिवलीच्या माणसाला विजेवर चालणारे वाहन नवे नाही. मुंबईत ३ फेब्रुवारी १९२५ रोजी व्हीटी ते कुर्ला ही पहिली विजेची गाडी धावली, आणि पुढे रेल्वेने आपल्या ठाकुर्लीजवळ चोळे येथे स्वतःचे वीजकेंद्रही उभारले. फरक एवढाच की लोकलच्या डोक्यावर सतत तार असते. विजेच्या मोटारीला मात्र आपली शिदोरी बरोबर घेऊन निघावे लागते. ती किती पुरेल आणि वाटेत कुठे भरता येईल, एवढाच आज आपला विषय आहे.

ही शिदोरी मोजायची कशात? तर महावितरणच्या बिलावर जे युनिट असते त्यातच. २०२० साली आलेल्या पहिल्या टाटा नेक्सॉन ईव्हीची बॅटरी ३०.२ युनिटांची होती आणि तिचा प्रमाणित पल्ला होता ३१२ किलोमीटर. माझी गाडी साधारण तेवढ्याच बॅटरीची आहे. प्रत्यक्षात मला एका युनिटात सात किलोमीटर मिळतात, म्हणजे पूर्ण भरली तर दोनशे-सव्वादोनशे. प्रमाणित आकडा चाचणीतला असतो. आपला आकडा आपणच चार-सहा फेऱ्यांत काढून ठेवावा आणि त्यावरच बेत आखावा.

पल्ला खाणाऱ्या गोष्टी दोन. पहिली म्हणजे वेग. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी ८० ऐवजी १२० ने गेलात तर तो सव्वादोन पट होतो. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा जून २०२५ मध्ये खुला झाला आणि भिवंडी-कल्याणकरांना शिर्डी जवळ आली. पण त्या मोकळ्या रस्त्यावर पाय दाबून ठेवला, तर टक्के डोळ्यांदेखत उतरतात. उलट कल्याण-शिळ रस्त्यावरच्या कोंडीची विजेच्या गाडीला फारशी झळ बसत नाही. उभ्या गाडीत खर्च होतो तो मुख्यतः एसीचा. कोंडीने आपले डोके उठते, बॅटरी नाही!

दुसरी गोष्ट घाट. माणसांसकट सतराशे किलोची गाडी सहाशे मीटर वर चढवायला सुमारे तीन युनिटे लागतात, म्हणजे सपाटीवरचे वीस-एकवीस किलोमीटर. कसारा घ्या, माळशेज घ्या, हिशेब साधारण हाच. उतरताना मोटार जनित्रासारखी चालते आणि यातली बरीचशी वीज बॅटरीत परत येते. एक मेख मात्र लक्षात ठेवा. घाटमाथ्यावर बॅटरी शंभर टक्के भरून उतरायला लागलात, तर परत येणारी वीज ठेवायला जागाच नसते आणि सारा भार ब्रेकवर येतो. म्हणून माथ्यावर भरायची वेळ आलीच तर थोडी रिकामी ठेवावी.

आता माझी फजिती सांगतो. दोन वर्षांपूर्वी डिसेंबरात आळेफाट्याजवळ एका लग्नाला गेलो होतो. बरोबर आई, वय सत्त्याहत्तर. डोंबिवलीहून मुरबाड, माळशेज, ओतूर असा सव्वाशे-एकशेतीस किलोमीटरचा रस्ता. घाट धरून बावीस युनिटे गेली, आठ उरली. परतीला सतरा तरी हवीत. जवळच एक जलद चार्जर होता, फोनवरच्या नकाशात तो चालू दिसत होता, म्हणून मी निर्धास्त जेवलो. चार वाजता तिथे गेलो तर पडद्यावर बिघाडाची सूचना! फोन लावला तर तक्रार नोंदवली गेली, एवढेच. आईची रात्रीची गोळी घरी राहिलेली.

शेवटी रस्त्यालगतच्या एका खानावळीत विचारले. मालक म्हणाले, "साहेब, मिक्सरचा मोठा पॉइंट आहे, लावा की. आजींना आत बसवा." पंधरा अँपिअरचा तो प्लग म्हणजे तासाला तीन युनिटे. आधी बघायचे ते अर्थिंग. ते नसेल तर माझा चार्जर वीज घेतच नाही. सुदैवाने होते. बारा युनिटे भरायला चार तास गेले. आईने तेवढ्यात मालकिणीबरोबर मेथीची जुडी निवडून दिली. पैसे घ्यायला मालक तयार नव्हते, आग्रह करून दिले. एसी बंद ठेवून, सत्तरच्या आत हाकत निघालो. माळशेज उतरल्यावर पायथ्याशी आकडा दोन टक्क्यांनी वाढलेला होता! मध्यरात्रीच्या सुमारास घरी पोहोचलो तेव्हा चार युनिटे शिल्लक होती.

खरी चूक माझीच, आणि ती मला खानावळीच्या बाकावर बसल्यावर कळली. मंगल कार्यालयापुढे गाडी चार तास नुसती उभी होती. आत आचाऱ्यांचे, मंडपवाल्यांचे किती तरी प्लग चालू होते. एका शब्दाने काम झाले असते. पेट्रोलच्या सवयीने आपण 'भरायला जातो'. ही गाडी उभी असतानाच भरायची असते.

जलद चार्जरवरही सगळा वेळ सारखा जात नाही. सकाळी डोंबिवलीला लोकलचा डबा आठवा. पहिली माणसे सहज शिरतात, शेवटच्या दहा जणांना रेटून घ्यावे लागते. बॅटरीचेही ऐंशी टक्क्यांनंतर तसेच होते. म्हणून प्रवासात ऐंशीला प्लग काढावा आणि पुढे निघावे. शंभर भरायचे ते रात्री घरी.

पण घरी म्हणजे कुठे? आपल्याकडच्या जुन्या इमारतींत गाडीला जागा नाही, तिथे प्लग कुठला! महामार्गावर दर पंचवीस किलोमीटरला चार्जिंग केंद्र असावे, असे केंद्र सरकारने २०१८ मध्ये सांगितले होते. सोसायटीच्या आवारातला प्लग मात्र आम्ही सभेत मंजूर करून घेतला. आमच्याकडे त्याला तीन सभा लागल्या. वायरिंग किती भार सोसेल, याची तपासणी इलेक्ट्रिशियनकडून करून घेतली आणि वेगळा मीटर बसवला, तेव्हा विरोध मावळला.

आता लांब जायचे तर मी एकाऐवजी दोन चार्जर हेरून ठेवतो, दुसऱ्यापर्यंत पोहोचेल एवढी वीज राखतो, आणि पहिल्यावर आज कोणी गाडी भरली का, ते फोन करून विचारतो. आईची गोळी तेवढी ती स्वतःच पर्समध्ये टाकते.